चार शिलिंगांचा गॅस

महिन्याच्या महिन्याला घरी जे कागद येतात, त्यांत विजेचे किंवा गॅसचे बिल हा कागद उघडताना कर्त्या माणसाचा चेहरा क्षणभर गंभीर होतो. दिवे पूर्वीइतकेच जळलेले असतात, शेगडी तितकाच वेळ पेटलेली असते, घरात माणसे तितकीच असतात. आणि तरीही तळाचा आकडा मागच्या खेपेपेक्षा मोठा असतो. तांदूळ महागला तर आपण दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो. डाळ महागली तर आमटी थोडी पातळ होते. पण रस्त्याखालून आलेल्या नळाला आणि खांबावरून आलेल्या तारेला दुसरे दुकान नसते. अशा वेळी गृहस्थाने करावे तरी काय? निमूटपणे पैसे भरावेत, की दिवा मालवून बसावे?

हा प्रश्न आजकालचा वाटतो. वस्तुतः तो पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या नागरिकांनी तो मोठ्या हिरिरीने विचारला आणि त्याची एकामागून एक अशी निरनिराळी उत्तरे शोधून पाहिली. त्यांतली काही फसली, काही टिकली. त्या खटाटोपाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

दगडी कोळसा बंद भांड्यात तापविला की त्यातून जळणारा वायू निघतो, ही गोष्ट विद्वानांना पूर्वीच ठाऊक होती. तिचा व्यवहारात उपयोग करून दाखविला तो विल्यम मर्डॉक या यंत्रज्ञाने. १८०२ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथील कारखान्यावर त्याने या वायूची रोषणाई केली. पुढे फ्रेडरिक विन्सर या जर्मन गृहस्थाने १८०७ मध्ये लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर गॅसचे दिवे लावून दाखविले. हा मनुष्य मोठा बोलघेवडा, आणि नफ्याची भलतीच मोठी स्वप्ने रंगविणारा होता. तथापि प्रत्येक घरात वेगळी भट्टी न घालता एकाच ठिकाणी वायू तयार करून तो नळाने घरोघर पोचवावा, ही त्याची मूळ कल्पना खरी ठरली. १८१२ मध्ये ‘गॅस लाइट अँड कोक कंपनी’ला राजसनद मिळाली. १८१३ च्या अखेरीस वेस्टमिन्स्टरचा पूल गॅसच्या उजेडाने झळकू लागला.

ही कल्पना येथल्या किनाऱ्यावर यावयासही फार काळ लागला नाही. मुंबईतील जहाजबांधणीच्या कामात नावाजलेल्या वाडिया घराण्यातील अर्देसर कर्सेटजी यांनी १८३४ मध्ये माझगाव येथील आपला बंगला व बाग स्वतः तयार केलेल्या गॅसने उजळून टाकली होती. मुंबईच्या रस्त्यांवर मात्र गॅसचे दिवे यावयास १८६५ साल उजाडावे लागले.

लंडनमध्ये आरंभी गॅसचे मोजमाप करण्याची सोय नव्हती. गिऱ्हाइकाच्या घरी किती दिवे आहेत आणि ते रात्री किती वाजेपर्यंत जळावयाचे, याचा ठराव होई व त्यावर पैसे आकारले जात. ठरल्या वेळेनंतर कोणाच्या खिडकीत उजेड दिसतो हे पाहत कंपनीची माणसे रस्त्यांतून हिंडत. गिऱ्हाइकाला वाटे, कंपनी लुबाडते. कंपनीला वाटे, गिऱ्हाईक चोरते. पुढे सॅम्युएल क्लेग आणि इतर यंत्रज्ञांच्या खटपटीने मीटर आला, आणि हजार घनफुटांना इतके शिलिंग असा भाव ठरू लागला. वरवर पाहता भांडण मिटले. खरे पाहता ते मीटरच्या आत जाऊन बसले. कारण आपला मीटर खरे बोलतो की खोटे, हे गिऱ्हाइकाला कळावे कसे? अधिकृत तपासणी होऊन शिक्का बसल्याखेरीज मीटर वापरू नये, असा कायदा व्हावयास १८५९ साल यावे लागले.

भावाची गोष्ट याहून अवघड होती. १८४० नंतरच्या दशकात लंडनमध्ये डझनभर गॅस कंपन्या होत्या. काही रस्त्यांखाली दोन-दोन, तीन-तीन कंपन्यांचे नळ एकमेकांच्या शेजारून गेले होते. आज एका कंपनीने रस्ता खणावा, उद्या दुसरीने. गळती मोठी, खर्च मोठा, आणि हा सारा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्या माथी. इतक्या कंपन्या असूनही ‘सिटी’ म्हणविल्या जाणाऱ्या लंडनच्या जुन्या व्यापारी भागात हजार घनफुटांना सहा-सात शिलिंग मोजावे लागत. दुकाने अनेक होती, पण भाव एकच. कारण दुकानदारांचे आपसांत सूत जमलेले होते.

या ठिकाणी चार्ल्स पिअर्सन हे गृहस्थ पुढे आले. ते सिटीच्या नगरसंस्थेचे कायदेविषयक अधिकारी होते. लंडनच्या पोटातून आगगाडी नेण्याचा ध्यास घेतलेला हाच तो मनुष्य. ती आगगाडी १८६३ च्या जानेवारीत धावू लागली, पण ती पाहावयास पिअर्सन उरले नव्हते. त्यांनी गॅसच्या भावाचा प्रश्न हाती घेतला तो वकिली पद्धतीने, म्हणजे हिशेब मांडून. कोळशाला किती लागतात, भट्टीला किती, मजुरीला किती, नळांना किती. आणि गॅस काढून घेतल्यावर मागे राहणारा कोक व डांबर विकून किती परत येतात. या साऱ्याची गोळाबेरीज करून त्यांनी असा दावा मांडला की, चार शिलिंगांत गॅस देऊनही भांडवलावर योग्य व्याज सुटते. १८४९ मध्ये ‘ग्रेट सेंट्रल गॅस कन्झ्यूमर्स कंपनी’ उभी राहिली. नावातच ग्राहक होता. गॅस जाळणाऱ्यांनीच भांडवल घालावे, भाव चार शिलिंगांहून वर जाऊ नये, आणि नफ्यालाही मर्यादा असावी, असा तिचा बाणा होता.

जुन्या कंपन्यांनी पार्लमेंटात आणि न्यायालयांत शक्य तितका विरोध केला. पण एकदा नवे नळ पडू लागल्यावर त्यांनाही चार शिलिंगांवर उतरावे लागले. काल जो भाव परवडतच नाही असे शपथेवर सांगितले जात होते, तोच आज परवडू लागला! ग्राहकांच्या चळवळीचा हा नेत्रदीपक विजय होता. कथा येथे संपती तर ती बोधकथा म्हणून शाळेच्या पुस्तकात शोभली असती. परंतु इतिहासाला बोधकथेइतक्या लवकर थांबण्याची सवय नसते.

भावयुद्धाने दमलेल्या कंपन्यांनी एक निराळाच मार्ग काढला. एकमेकींच्या रस्त्यांत शिरावयाचेच नाही, असे त्यांनी ठरविले. १८५३ मध्ये टेम्स नदीच्या दक्षिणेस आणि १८५७ मध्ये उत्तरेस त्यांनी सबंध शहर आपसांत वाटून घेतले. या रस्त्याच्या अलीकडे अमुक कंपनी, पलीकडे तमुक. गिऱ्हाइकाला कोणी विचारले नाही. वाडवडिलांची जमीन भावाभावांत वाटावी, तशी माणसे वाटली गेली. अर्थात या वाटणीत एक शहाणपणही होते. एकाच रस्त्याखाली तीन नळ पुरणे हा निव्वळ अपव्यय होता, आणि तो थांबला. पण त्याबरोबर स्पर्धेचा धाकही संपला. धाक संपला की भाव वर सरकतो, हे सांगावयास अर्थशास्त्री लागत नाही.

आता दुसरी चळवळ सुरू झाली. ती नव्या कंपनीची नव्हे, तर कायद्याची. त्या काळी लंडनचा स्थानिक कारभार ‘व्हेस्ट्री’ म्हणविणाऱ्या मंडळांकडे असे. चर्चच्या पॅरिशमधून वाढलेली ही मंडळे रस्ते, गटारे, दिवे यांची व्यवस्था पाहत. रस्त्यावरील दिव्यांचे बिल तीच भरीत, म्हणून गॅसच्या भावाची झळ त्यांनाही तितकीच लागे. अनेक व्हेस्ट्रींचे प्रतिनिधी एकत्र आले, आणि पार्लमेंटाच्या समितीपुढे साक्षी झाल्या. एकट्या गृहस्थाचे पत्र कंपनीच्या टोपलीत जाई. व्हेस्ट्रींच्या प्रतिनिधींना मात्र टाळणे शक्य नव्हते. १८६० चा ‘मेट्रोपोलिस गॅस अ‍ॅक्ट’ हे त्याचे फळ होय.

या कायद्याने कंपन्यांची वाटणी मान्य केली, पण अटी घालून. भावाला कमाल मर्यादा आली. भागधारकांच्या लाभांशाला शेकडा दहाची मर्यादा आली. शिवाय, भाव तोच ठेवून माल हलका करण्याची पळवाट बुजविण्यासाठी उजेडाचेही माप ठरले. तासाला पाच घनफूट गॅस जाळणाऱ्या दिव्याने बारा मेणबत्त्यांइतका उजेड दिला पाहिजे, असा साध्या गॅसचा नियम झाला. ती मेणबत्ती कोणती, तर देवमाशाच्या मस्तकातून निघणाऱ्या मेणाची आणि तासाला ठराविक वजन जळणारी. आज हे वाचताना हसू येते. पण दुधात पाणी घालणाऱ्याशी ज्याचा व्यवहार आहे त्याला हा नियम का करावा लागला, हे सांगावे लागणार नाही. भाव न वाढविताही भाव वाढविता येतो, ही मेख त्या कायदेपंडितांनी ओळखली होती.

तथापि कमाल मर्यादेचा एक दोष लवकरच दिसून आला. मर्यादा ही छप्परासारखी असते. ती वर जाऊ देत नाही, पण खाली येण्याचीही सक्ती करीत नाही. लाभांश दहा टक्के मिळतोच आहे, मग काटकसर करावी कशाला? आणि दुसरा दोष १८७२-७३ मध्ये प्रत्ययास आला. त्या सुमारास इंग्लंडात कोळशाचे भाव एकाएकी कडाडले. कंपन्यांनी कायद्याने नेमलेल्या आयुक्तांपुढे आपले रडगाणे गायिले, आणि गॅसचा दर वाढवून घेतला. गिऱ्हाइकाला बिल आले ते वाढलेले. कोळसा महागला ही गोष्ट खरीच होती, तिच्यात लबाडी नव्हती. पण कोळसा महागतो तेव्हा त्याचा भाऊ कोक हाही महागतो, आणि तो कंपन्याच विकतात. हिशेबाचा एक रकाना मोठ्याने वाचावयाचा आणि दुसरा मनातल्या मनात, ही रीत फार जुनी आहे. आणि धोका कोणाचा, हा खरा प्रश्न होता. कोळसा महागला तर सारा भार घरातल्या दिव्यावर, आणि भागधारकांचे दहा टक्के मात्र अढळ! हे न्याय्य आहे काय?

याला जे उत्तर निघाले ते या सबंध इतिहासातले सर्वांत चतुर उत्तर म्हणावे लागेल. १८७५-७६ मध्ये लंडनच्या कंपन्यांना ‘सरकते प्रमाण’ लागू करण्यात आले. साउथ मेट्रोपॉलिटन कंपनीचे जॉर्ज लिव्हसी हे त्याचे मोठे पुरस्कर्ते. योजना अशी : गॅसचा एक प्रमाण भाव ठरवावयाचा व त्याच्याशी दहा टक्के लाभांशाची सांगड घालावयाची. भाव एक पेनीने उतरला तर लाभांश पाव टक्क्याने चढावा. भाव एक पेनीने चढला तर लाभांश पाव टक्क्याने उतरावा. म्हणजे कंपनीला अधिक मिळवावयाचे असेल तर तिने स्वस्त विकले पाहिजे. आजवर गिऱ्हाईक आणि भागधारक तराजूच्या दोन पारड्यांत बसले होते. या योजनेने त्यांना एकाच होडीत बसविले. होडी हलली की दोघांनाही धक्का.

मग ज्या कंपनीपासून कथेला सुरुवात झाली, त्या ग्राहकांच्या कंपनीचे काय झाले? १८६९ मध्ये तिच्या एका कारकुनाने केलेली फार मोठी अफरातफर उघडकीस आली, आणि थोड्याच काळात ती त्या जुन्या सनदी कंपनीत विलीन झाली. जिच्याविरुद्ध ती उभी राहिली होती, तिच्याच पोटात ती गेली. ग्राहकांनी भाव उतरविला. पण हिशेबाच्या वह्या तपासण्याचा कंटाळा आला की ग्राहकांची संस्थाही वाचत नाही, हा यातला कटू बोध.

इतर शहरांनी निराळी वाट धरली. मँचेस्टर येथे १८१७ पासूनच नगराच्या कारभाऱ्यांनी गॅस तयार करून विकला व त्यातला नफा शहराच्या सुधारणेस लावला. ग्लासगोने १८६९ मध्ये आणि बर्मिंगहॅमने जोसेफ चेंबरलेन यांच्या कारकिर्दीत, १८७५ मध्ये, गॅसचा धंदा नगरसंस्थेकडे घेतला. आपल्या बडोदेकर वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. त्यांच्या नगरपालिकेने १९७२ पासून नळाने घरगुती गॅस पुरविण्यास प्रारंभ केला होता.

येथवर ज्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, तो दुकानदार होता, खानावळवाला होता, सुखवस्तू गृहस्थ होता. गरीब माणूस या कथेत अजून आलेलाच नाही. त्याच्या खोलीत चरबीची मेणबत्ती किंवा तेलाचा दिवा होता. तो आला १८९० च्या आसपास, जेव्हा फटीत एक पेनी टाकावी आणि तेवढ्यापुरता गॅस घ्यावा, असा मीटर निघाला. अनामत नको, तीन महिन्यांचे बिल नको. कंपनीच शेगडी बसवून देई. लाखो कामकरी कुटुंबांत गॅसची शेगडी गेली ती या पेनीच्या बळावर. पण शेगडीचे व नळाचे भाडे त्या पेनीतूनच कापले जाई, म्हणून गरिबाच्या पेनीला श्रीमंताच्या पेनीपेक्षा गॅस कमी मिळे. आणि पेनी संपली की दिवा आपोआप विझे. श्रीमंताने पैसे थकविले तर त्याला नोटीस जाई. गरिबाला नोटीसही न देता अंधार होई.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. ब्रिटनमधील गॅसचा धंदा १९४९ मध्ये राष्ट्राच्या मालकीचा झाला, १९८६ मध्ये पुन्हा खाजगी झाला, आणि पुढे घरगुती गिऱ्हाइकाला पुरवठादार निवडण्याची मोकळीक मिळाली. स्पर्धेने सारे काही साधेल, ही १८४९ मधलीच आशा नव्या वेषात परतली. पण पुष्कळ घरे एकाच महागड्या दरात अडकून पडलेली दिसली, तेव्हा १ जानेवारी २०१९ पासून कमाल दराची मर्यादा आली. म्हणजे १८६० चेच उत्तर. मग २०२१ मध्ये जगभर गॅसचे भाव चढले, वीसहून अधिक पुरवठादार बुडाले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर आक्रमण झाल्यावर परिस्थिती हाताबाहेर गेली. सर्वसाधारण वापराच्या घराचे गॅस व वीज मिळून वर्षाचे बिल ऑक्टोबर २०२१ च्या मर्यादेनुसार १,२७७ पौंड होते. एप्रिल २०२२ मध्ये ते १,९७१ झाले. आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरसाठी ३,५४९ हा आकडा जाहीर झाला. सरकारने तिजोरीतून भर घालून तो २,५०० च्या आसपास रोखून धरला. ही मर्यादा दरावर होती, एकूण बिलावर नव्हे. जो अधिक जाळील त्याला अधिक भरावेच लागे. हा भेद न कळल्यामुळे अनेकांची फसगत झाली. आणि त्याच हिवाळ्यात, पैसे थकलेल्या घरांत बळजबरीने आगाऊ पैशाचे मीटर बसविले जात असल्याची ओरड झाली, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये ते थांबविण्यास कंपन्यांना सांगण्यात आले. पेनीच्या मीटरचा नातू होता तो; पैसे संपले की याचाही दिवा विझत होता.

आता आपल्या घरच्या बिलाकडे वळू. महाराष्ट्रातील विजेच्या बिलावर ‘स्थिर आकार’ आणि ‘इंधन समायोजन आकार’ अशा ओळी असतात. इतर राज्यांतही त्या थोड्याफार निराळ्या नावांनी येतात. बहुतेक लोक त्या न वाचताच तळाच्या आकड्याकडे जातात. त्यांतली दुसरी ओळ म्हणजे १८७३ मधला तो कोळशाचाच प्रश्न होय : इंधन महागले तर त्याचा भार कोणी, किती आणि किती दिवस वाहावयाचा? आपल्याकडे २००३ च्या वीज कायद्यानुसार दर ठरविण्यापूर्वी आयोगाने लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्यावयाच्या असतात. गोवा असो, बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे असो, प्रत्येकाच्या डोक्यावर असा एक आयोग आहे. त्याची जाहीर सूचना याच वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापून येते. आणि आपण ती उलटून चहाचा घोट घेतो. सुनावणीत कारखानदारांचे वकील दिसतात. गृहस्थाची खुर्ची पुष्कळदा रिकामी असते.

लंडनच्या हकीकतीतून निघणारे सार फार साधे आहे. रागावून दिवा मालविणाऱ्याने भाव उतरविला नाही. भाव उतरविला तो हिशेब मांडणाऱ्याने. हिशेब मांडणारा एकटा राहिला तेव्हा त्याचे कोणी ऐकले नाही. शेजारी, आळी आणि पॅरिश मिळून गेली तेव्हा पार्लमेंटाला ऐकावे लागले. आणि मिळालेला विजय सांभाळण्यासाठी वह्या उघड्या ठेवाव्या लागल्या. त्या मिटल्या तेथे विजयही मिटला. चौथी गोष्ट अशी की, जो गरीब आहे, त्याच्या पेनीला इतरांइतकाच उजेड मिळतो की नाही, हे पाहिल्याशिवाय कोणतीही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही.

पुढचे बिल येईल तेव्हा त्याच्या तळाशी जाण्याची घाई करू नये. मीटरचा मागचा व पुढचा आकडा पाहावा, वजाबाकी करावी, दराने गुणावे, आणि प्रत्येक ओळ कशाची आहे ते घरातल्या मुलांना समजावून सांगावे. न समजलेली ओळ असेल तर तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी. शेजाऱ्याच्या बिलावरही त्याच ओळीखाली रेघ आढळली, तर दोघांनी मिळून विचारावयास जावे. चार शिलिंगांच्या गॅसची सुरुवातही एका रेघेखालच्या बेरजेनेच झाली होती.